अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि पाळणाघर: मानधन आणि प्रोत्साहन भत्त्याबद्दल सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अकरा तालुके, शहरातल्या नागरी प्रकल्पांची बीटं (म्हणजे अंगणवाड्यांचे गट), आणि सगळीकडून फिरून फिरून तेच प्रश्न. काही सेविका ताईंचे, काही अर्ज करू पाहणाऱ्या मुलींचे, तर काही विडी कामगार आयांचे. जमेल तितकी सरळ उत्तरं देते. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच वाचा.

लहान मुलं सांभाळणाऱ्या कुणाकुणाला सरकार पैसे देतं?

सर्वांत मोठा गट अंगणवाडीचा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आता ती ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाखाली चालते. प्रत्येक अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस असते. ग्रामीण भागातल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे, शहरातल्या नागरी प्रकल्प कार्यालयांकडे. दुसरा गट छोटा आणि नवा आहे, ‘पाळणा’ योजनेतल्या पाळणाघरांचा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

खासगी बालवाडी, प्ले ग्रुप, नर्सरीतल्या ताईंना सरकारचा एक रुपयाही भत्ता नाही. त्यांचा पगार शाळाचालक ठरवतो.

सेविकेला आणि मदतनिसाला महिन्याला नेमकं किती मिळतं?

१ ऑक्टोबर २०२४ पासून सेविकेचं मानधन १३,००० रुपये, मदतनिसाचं ७,५०० रुपये. याशिवाय निकष पूर्ण केले तर प्रोत्साहन भत्ता, सेविकेला जास्तीत जास्त २,००० आणि मदतनिसाला १,०००. बातम्यांत ‘सेविकांना १५ हजार’ असं छापून येतं ते ही बेरीज करून. किराणा दुकानाची उधारी ठरवताना १३ हजारच धरा.

हे आकडे इथवर आले कसे, तेही सांगते, कारण नव्या मुलींना वाटतं की सरकार दरवर्षी आपणहून वाढ देतं. २०१७ पर्यंत सेविकेला ५,००० मिळत होते. त्या वर्षी ११ सप्टेंबरला राज्यभर संप झाला, आणि त्यानंतर ६,५०० झाले. २०१८ मध्ये केंद्राने आपला भाग वाढवला, आकडा आठ हजारांच्या पुढे गेला. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात ८,३२५ वरून १०,००० झाले, मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५००. मग ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवसांचा संप झाला, जानेवारी २०२४ च्या शेवटी मिटला, आणि त्याच वर्षी निवडणुकीच्या तोंडावर ३,००० आणि २,००० ची वाढ जाहीर झाली. दर वाढीच्या आधी एकतर संप आहे नाहीतर निवडणूक. वार्षिक वेतनवाढ नावाची गोष्ट या कामात नाही.

यातले केंद्राचे किती आणि राज्याचे किती?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात आणि खरी मेख इथेच आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेलं मानधन सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये आहे. तेही पूर्ण केंद्र देत नाही, ६०:४० अशी वाटणी आहे. म्हणजे सेविकेच्या ४,५०० पैकी २,७०० दिल्लीचे आणि १,८०० मुंबईचे. मदतनिसाच्या २,२५० पैकी १,३५० दिल्लीचे. या ठरलेल्या रकमेच्या वरचे सगळे पैसे राज्याच्या तिजोरीतून येतात. २०२३ आणि २०२४ ची वाढ राज्यानेच दिली.

म्हणून शेजारच्या कर्नाटकात वेगळा आकडा, तेलंगणात वेगळा, आपल्याकडे वेगळा. अक्कलकोटची सेविका सीमेपलीकडच्या आळंद तालुक्यातल्या मैत्रिणीशी मानधन ताडून पाहते तेव्हा योजना एकच असूनही रक्कम जुळत नाही, ती यामुळे.

प्रोत्साहन भत्ता कशावर ठरतो?

कामगिरीच्या निकषांवर. मुलांची वजनं आणि उंची घेतली का, गृहभेटी झाल्या का, अंगणवाडी ठरलेले दिवस उघडी होती का, आहार वाटप झालं का, आणि हे सगळं पोषण ट्रॅकर ॲपमध्ये वेळेत भरलं का. हे ॲप मार्च २०२१ पासून आहे. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेला ५०० आणि मदतनिसाला २५० रुपयांचा भत्ता सुरू केला, तोही कामगिरीलाच बांधलेला होता. राज्याने २०२४ मध्ये त्याच वाटेने जाऊन रक्कम मोठी केली.

माझा आक्षेप भत्त्याला नाही, मोजमापाच्या रीतीला आहे. ॲप मुलाचं वजन मोजत नाही, वजनाची नोंद मोजतं. करमाळ्याच्या वस्तीवर रेंज नसेल, मोबाईल तापून बंद पडला असेल (मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याखाली माणूसही बंद पडतो), तर काम होऊनही नोंद करायची राहून जाते. उलट वजनकाटा बिघडलेला असताना मागच्या महिन्याच्या आकड्यात शंभर-दोनशे ग्रॅम वाढवून टाकणारीचा भत्ता पूर्ण निघू शकतो. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲप या तक्रारी त्यामागे होत्या. कामाचा कंटाळा हे कारण तेव्हाही नव्हतं.

आणखी एक गोष्ट. मदतनिसाचा भत्ता सेविकेच्या निम्मा, पण तिच्या हातात निकषांपैकी फार थोडं असतं. नोंदी सेविका भरते. सेविकेचं पद रिकामं असेल किंवा ती बाळंतपणाच्या रजेवर असेल, तर मदतनीस एकटी अंगणवाडी चालवते. तरी नोंदी अर्धवट राहिल्या की भत्ता तिचा जातो.

माझ्या बरोबरीच्या ताईला भत्ता आला, मला नाही. काय करू?

आधी मानधन आणि भत्ता वेगवेगळे जमा होतात का ते पासबुकात पाहा. पुष्कळदा भत्त्याचा निधी मागाहून येतो आणि दोन-तीन महिन्यांचा एकदम पडतो. तसं नसेल तर त्या महिन्याची पोषण ट्रॅकरवरची तुमच्या केंद्राची आकडेवारी उघडा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. पर्यवेक्षिकेला तोंडी सांगू नका. अर्ज लिहा, महिन्याचं नाव घाला, कोणता निकष अपूर्ण दाखवला आहे ते लेखी विचारा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

बँक खात्याला आधार जोडलेलं नसणं, किंवा बँक विलीन झाल्यावर आयएफएससी कोड बदलणं, या दोन कारणांनीही पैसे अडकतात. ते प्रकल्प कार्यालयातल्या लिपिकाला पाच मिनिटांत कळतं. विचारायला मात्र जावं लागतं.

लाडकी बहीण योजनेच्या अर्जांचे पैसे प्रोत्साहन भत्त्यात धरले जातात का?

नाही. २०२४ मध्ये ते अर्ज भरण्यासाठी प्रति अर्ज ५० रुपये जाहीर झाले होते, ती वेगळी रक्कम आहे. पोलिओ, जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण यांचे भत्तेही त्या त्या खात्याचे. सेविकेच्या डोक्यावर किती खात्यांची कामं आहेत ते या यादीवरूनच दिसतं.

बारावी झालेय, वय २७, लग्न होऊन मोहोळ तालुक्यात आलेय. मला अर्ज करता येईल का?

येईल, सासरच्या गावी. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे सेविका आणि मदतनीस दोन्ही पदांसाठी किमान बारावी पास, वय १८ ते ३५ (विधवा असल्यास ४० पर्यंत) आणि त्याच महसुली गावची रहिवासी असणं आवश्यक आहे. शहरात रहिवासाची अट प्रभागाशी जोडलेली असते. दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर अर्ज बाद होतो. निवड गुणांवर होते. शिक्षणाचे गुण मुख्य, वर विधवा, अनाथ, मागासवर्गीय आणि अनुभव यांचे जादा गुण. माहेरच्या गावात जागा निघाली म्हणून माहेरचं रेशनकार्ड जोडून अर्ज करणाऱ्या मुली दर भरतीत असतात. हरकत आली की तो अर्ज टिकत नाही.

मदतनिसालाही बारावीची अट घातल्यावर एक गंमत झाली आहे. पूर्वी या पदावर सातवी-आठवी शिकलेली, गावातल्या प्रत्येक घराची खडानखडा माहिती असलेली बाई यायची. आता पदवीधर मुली ७,५०० रुपयांवर येतात, डीएड आणि तलाठी भरतीचे फॉर्म भरत राहतात, आणि वर्षा-दोन वर्षांत निघून जातात. भरती सोपी झाली, टिकवणं अवघड झालं.

आमच्याकडे शहराच्या पूर्व भागात मुलं तेलुगू बोलतात. मराठी शिकलेल्या मुलीलाच घेतात का?

अंगणवाडीतली निम्म्याहून जास्त मुलं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील, तर ती भाषा येणाऱ्या उमेदवाराचा विचार करण्याची तरतूद निवडीच्या नियमांत आहे. सोलापूरला ही तरतूद राज्यात कुठेही लागू पडेल त्याहून जास्त लागू पडते. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शहरात बऱ्याच वस्त्यांत उर्दू किंवा दखनी. तीन वर्षांच्या पोराला त्याच्या भाषेत ‘भूक लागली का’ विचारता येणं ही या कामातली पहिली पात्रता आहे, असं मी मानते. जाहिरात निघाल्यावर तुमच्या केंद्राची भाषा काय नोंदवली आहे ते प्रकल्प कार्यालयात बघा. चुकली असेल तर मुदतीच्या आत हरकत द्या.

मदतनिसाची सेविका होता येतं का? सेविकेची पर्यवेक्षिका?

केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही आहे. सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं अनुभव असलेल्या मदतनिसांमधून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं अनुभव असलेल्या सेविकांमधून, अर्थात शिक्षणाची अट पूर्ण होत असेल तर.

माझ्या मते टिकवून ठेवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे आणि त्याचीच सर्वांत कमी चर्चा होते. पर्यवेक्षिका झाली की ती नियमित सरकारी कर्मचारी, वेतनश्रेणीसकट. सेविकेला महिन्याला हजार रुपये वाढवून जे होत नाही ते या एका आशेने होतं. पण आशा खरी वाटायला पदोन्नतीची प्रक्रिया वेळेवर व्हावी लागते. पद रिकामं झालं की गावातल्या मदतनिसाने लगेच लेखी विनंती द्यावी. कुणी आपणहून बोलावेल म्हणून थांबू नये.

निवृत्तीनंतर काय मिळतं?

महाराष्ट्रात २०१४ पासून निवृत्तीनंतर किंवा सेवेत मृत्यू झाल्यास एकरकमी लाभ आहे, सेविकेला १ लाख आणि मदतनिसाला ७५ हजार रुपये.

ग्रॅच्युइटीचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधल्या दाहोदच्या सेविका-मदतनिसांच्या प्रकरणात, ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा १९७२ चा कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना लागू होतो असा निकाल दिला. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांचं ते खंडपीठ होतं. कायद्याचं सूत्र असं: शेवटचं मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६, आणि आलेल्या आकड्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचं. १३,००० धरले तर वर्षाला ७,५०० रुपये. पंचवीस वर्षं सेवा झालेल्या सेविकेचे १,८७,५०० होतात. मदतनिसाचे ७,५०० वर त्याच सेवेचे १ लाख ८ हजारांच्या आसपास.

निकाल आहे म्हणून रक्कम आपोआप खात्यात येत नाही. निवृत्तीच्या वेळी लेखी मागणी करा, नियुक्तीचा आदेश जोडा. नकार मिळाला किंवा उत्तरच आलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालयातल्या सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कितीतरी ताईंकडे नियुक्तीचा आदेशच सापडत नाही, वाळवीने खाल्लेला असतो किंवा घर बदलताना गेलेला असतो. आजच त्याची झेरॉक्स काढून मोबाईलमध्येही फोटो ठेवा.

पेन्शन?

नियमित पेन्शन नाही. प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वयात नाव घालता येतं, वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र भरतं, आणि साठीनंतर महिना ३,००० मिळतात. यात उत्पन्नाची मर्यादा महिना १५,००० आहे. १३,००० अधिक २,००० किती होतात ते बघा. आपल्या सेविका अगदी त्या रेषेवर उभ्या आहेत. आणि बहुतेकींची चाळिशी केव्हाच उलटली आहे.

रजा, विमा, साडी?

वर्षाला २० दिवसांची रजा, १८० दिवसांची भरपगारी प्रसूती रजा, गणवेशाच्या साड्या. २०२४ च्या केंद्रीय अंतरिम अर्थसंकल्पात सगळ्या सेविका, मदतनीस आणि आशा कार्यकर्त्यांना आयुष्मान भारत योजनेत घेतलं, म्हणजे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण. कार्ड काढून ठेवा. आजारपणात कार्डासाठी रांग लावायला वेळ नसतो.

एवढं काम करूनही आम्ही सरकारी कर्मचारी का नाही?

कारण कागदावर हे ‘मानसेवी’, अर्धवेळ काम आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचं पद हे सनदी पद नाही असं म्हटलं, आणि सरकारं त्यावर बोट ठेवतात. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कामगारांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली होती. ती शिफारसच राहिली. गुजरात उच्च न्यायालयाने मात्र २०२४ मध्ये वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांशी बरोबरीचा मुद्दा उचलला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेविकेला किमान २४,८०० आणि मदतनिसाला २०,३०० रुपये देण्यास सांगितलं. तो निकाल गुजरातचा, तो आपल्याला थेट लागू नाही. पण सोलापुरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटसमोरच्या प्रत्येक भाषणात आता तो आकडा असतो, आणि असायला हरकत नाही.

तमिळनाडूत सेविकांना विशेष वेतनश्रेणी आहे, वाढीसकट. म्हणजे मार्ग अशक्य नाही.

संप केला तर मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला बंदी घालणारा राज्याचा कायदा) लागतो का?

मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावण्याचा आदेश निघाला होता. विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली. ज्यांना कर्मचारी मानायचं नाही त्यांचं काम अत्यावश्यक सेवा कसं, हा प्रश्न तेव्हा सभागृहातही विचारला गेला आणि चहाच्या टपरीवरही.

मी विड्या वळते, घरात दोन वर्षांचं मूल आहे. पाळणाघर कुठे मिळेल?

हा सोलापूरचा खास प्रश्न. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं होतं. पण विड्या घरी वळल्या जातात, कारखान्यात फक्त पान-तंबाखू घ्यायला आणि माल द्यायला जायचं, त्यामुळे कायद्यातलं पाळणाघर बाईपर्यंत पोचतच नाही. मूल तंबाखूच्या सुपाशेजारीच वाढतं. यंत्रमागावर काम करणाऱ्या आईची तीच गत, कारखाने छोटे आणि बाया विखुरलेल्या.

‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची सोय आहे. ६ महिने ते ६ वर्षांची मुलं, महिन्यातले २६ दिवस, रोज साडेसात तास. २०२५ मध्ये राज्यात अशी ३४५ केंद्रं सुरू करण्याचा निर्णय झाला. पाळणा सेविकेला ५,५०० आणि पाळणा मदतनिसाला ३,००० रुपये मानधन, आणि त्याच अंगणवाडीच्या सेविकेला १,५०० आणि मदतनिसाला ७५० रुपये जादा भत्ता. साडेसात तास तान्ही मुलं सांभाळायची आणि ५,५००! सव्वीस दिवसांनी भागा, दिवसाला दोनशे बारा रुपयांच्या आत येतात. या रकमेत कुंभारीचं विडी घरकुल किंवा रे नगर अशा कामगार वसाहतींत चांगली बाई मिळेलही, कारण तिथे गरज आहे. ती वर्षभर टिकेल असं मला वाटत नाही.

तुमच्या वस्तीत पाळणाघर हवं असेल तर किती आया कामाला जातात याची यादी करून नागरी प्रकल्प कार्यालयात सामूहिक अर्ज द्या.

परदेशात सरकार काय करतं?

ऑस्ट्रेलियात केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ पासून पाळणाघर आणि बालशिक्षण कर्मचाऱ्यांना १० टक्के, आणि डिसेंबर २०२५ पासून आणखी ५ टक्के वाढ स्वतःच्या पैशातून दिली. पैसे घेणाऱ्या केंद्रांनी पहिल्या वर्षी फी ४.४ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, अशी अट घातली. म्हणजे ताईंची वाढ पालकांच्या खिशातून जाणार नाही. इंग्लंडने २०२४ मध्ये वीस स्थानिक परिषदांच्या भागात नव्याने कामावर येणाऱ्यांना १,००० पौंडांचा जॉइनिंग बोनस देऊन पाहिला. अमेरिकेने करोनाकाळात पाळणाघरं वाचवायला २,४०० कोटी डॉलर दिले. ते सप्टेंबर २०२३ ला संपले आणि चालकांपुढे पुन्हा पगाराचा प्रश्न उभा राहिला.

भत्ता दिल्याने बायका कामावर टिकतात का, की हे सगळं दिखाऊ?

टिकतात, याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात काही शिक्षिकांना चिठ्ठी काढून आठ महिन्यांत १,५०० डॉलर देण्यात आले. पाळणाघरांतून काम सोडणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात जवळपास निम्म्यावर आलं. अट एकच होती, कामावर राहणं. नोंदी, टक्केवारी, काही नाही.

आपल्याकडे चंदीगडच्या वस्त्यांत सेविकांना मुलांचं वजन सुधारल्यास पैसे देऊन पाहिलं, आणि कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण घटलं. तमिळनाडूत वेगळं केलं. अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ एक जादा ताई नेमली. शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांचं शिकणं सुधारलं, आणि सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला वेळ मिळाल्याने खुजेपणही कमी झालं.

यावरून मी काढते तो अर्थ असा की निकषांचा भत्ता नेमलेलं काम थोडं जास्त करून घेतो, पण माणूस टिकवायचं तर पैसा अटींविना आणि तारखेला पडावा लागतो. आणि कधीकधी पैशाहून आणखी एक जोडी हात जास्त उपयोगाचे ठरतात. आपल्या योजनेत मूळ मानधन संपामागून संप करून वाढतं आणि भत्ता ॲपच्या मर्जीवर चालतो. सरकारला पैसे देण्याचं समाधान मिळतं, पण ताईला महिन्याचा हिशेब बांधता येत नाही.

भरतीत ‘काम करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर?

देऊ नका. गुणांची यादी जाहीर होते आणि तिच्यावर हरकत घेता येते, त्यामुळे मधला माणूस तुमचे गुण वाढवू शकत नाही. तुम्ही आपल्या गुणांवरच पहिल्या आलेल्या असता आणि तो त्याचे पैसे घेतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तक्रार पैसे देण्याआधी करायची असते, नंतर नाही.